दावणीला बैल असेस्तोवर

पोळ्याच्या दिवशी बैलाने पुरणपोळी नाकारावी, असं त्या घरात कधी घडलं नव्हतं. माणसांनी नाकारली होती. भागवतने लग्नाच्या वर्षी रुसून नाकारली होती. त्याच्या बायकोने, मीनाने, एकदा साखरेच्या दुखण्याचं कारण सांगून नाकारली होती आणि मग चुलीमागे उभ्याउभ्याच दीड पोळी संपवली होती. दुर्गाबाईंनी ते पाहिलं होतं आणि मनात ठेवून दिलं होतं. थोरल्या सुनेला असं बरंच काही ठेवून द्यावं लागतं. कोणाचं काय कधी परत करायची वेळ येईल, सांगता येत नाही.

पण बाशिंग्याने कधी नाकारली नव्हती.

"घे रं बाबा, घे," दुर्गाबाईंचे यजमान काकासाहेब म्हणत होते. डोक्याला फेटा, अंगात परीटघडीचा सदरा, हातात तुपाने निथळणारी पोळी. उजव्या अंगठ्याला चिंधी बांधलेली, कारण परवा बैलाची शिंगं तासताना पातं निसटलं होतं. बैल मात्र नवरदेवासारखा सजलेला. शिंगांना हिंगूळ, पाठीवर आरशांची झूल, गळ्यात घुंगरमाळ, आणि कपाळावरच्या ज्या पांढऱ्या पट्ट्यामुळे त्याला हे नाव मिळालं, त्याच्यावर कागदाचं खरं बाशिंग.

बैलाने मान फिरवली. तोंडातून लाळेची लांबलचक तार सुटली आणि वाऱ्याने झुलीवर जाऊन चिकटली.

"आबा, सकाळी पाणी बी घेतलं न्हाई त्यानं," त्यांचा मुलगा कल्याण म्हणाला. "धुवायला पाईप सोडला तर भिंतीला जाऊन चिकटला. थरथरून राह्यला होता."

"थंड पाणी सोडलं असशील."

"दरवर्षी काय गरम सोडतो का?"

"कालपासूनच लाळ गळती त्याची," काकासाहेब म्हणाले. "म्हणून तर काल खांदेमळणी झाल्यावर म्या त्याच्या जिभेला मीठ-हळद घासली. जीभ धरून बाहेर वढली, पार घशापर्यंत हात घातला. कडब्याचं काही अडकलं असंल तर निघंल म्हणून." हे त्यांनी थोडं मोठ्याने सांगितलं, म्हणजे ओट्यावर खुर्ची टाकून बसलेल्या भागवतला ऐकू जावं. भोकरदनला खताचं दुकान टाकून बसलेल्या धाकट्या भावाला बैलाच्या तोंडात हात घालता येत नव्हता, आणि ही गोष्ट थोरल्याला फार प्रिय होती.

सून दीपमाला दारात उभी होती. ती म्हणाली, "कोणत्या हातानं, मामंजी?"

"म्हंजी?"

"जीभ कोणत्या हातानं घासली?"

काकासाहेबांनी अंगठा मुठीत घेतला. ते त्यांनाही कळलं नसावं. दुर्गाबाईंना कळलं. ह्या माणसाचा हात काही लपवायचं असेल तेव्हाच असा मिटतो, हे त्यांना लग्नाच्या पहिल्या वर्षापासून पाठ होतं.

"सणाच्या दिवशी हे काय इचारून राह्यलीस?" ते म्हणाले. "माणसाला हात दोनच असत्यात."

दीपमालाने मग कोणालाही न विचारता जनावरांच्या डॉक्टरला फोन लावला. दुर्गाबाईंना सुनेचं सगळंच आवडत होतं असं नाही, पण न विचारता योग्य गोष्ट करायची तिची खोड त्यांनी जमेच्या बाजूला टाकली होती. फोनचा आवाज तिने मोठा केला, म्हणून सगळ्या अंगणाने ऐकलं.

लाळ? हो. आवाज बसलाय का? दुर्गाबाईंना आता आठवलं की सकाळपासून तो हंबरतो आहे ते घोगरं, फाटक्या भात्यासारखं. पुन्हापुन्हा कुंथल्यासारखं करतो का? मागचा पाय ओढतो का? हो, हो. मग डॉक्टर थांबला आणि त्याने विचारलं, "एक-दोन महिन्यांत कुत्रं चावलं होतं का त्याला?"

अंगणातल्या प्रत्येकाने दुसऱ्या कोणाकडे तरी पाहिलं.

आषाढात एक पिसाळलेलं कुत्रं शिवारातून गेलं होतं. शेजारच्या धर्मराजची शेळी त्याने फाडली होती. शेळी गेली, कुत्रंही मारलं गेलं, आणि त्याच आठवड्यात बाशिंग्याच्या नाकपुडीवर एक चीर दिसली होती.

"बाभळीचा काटा व्हता तो," काकासाहेब म्हणाले.

"कोण बोलतंय?" डॉक्टरने विचारलं.

"मालक."

"मालक, लक्ष देऊन ऐका. बैल पिसाळलाय असंच धरून चाला. त्याच्याजवळ कोणी जाऊ नका. तो आता वाचत नाही, पाच-सहा दिवसांचा सोबती आहे. त्याच्या तोंडात हात घालणाऱ्याने हात साबणाने भरपूर वेळ धुवायचा आणि आजच्या आज मोठ्या दवाखान्यात जायचं. हाताला जखम असेल तर जखमेतसुद्धा सुई द्यावी लागते. माणूस आज वाचतो. एकदा लक्षणं दिसली की मग कोणीच काही करू शकत नाही. उद्यावर टाकू नका."

बाशिंग्या गोठ्यात हंबरला. फोन बंद झाला.

आता भागवत रडेल की हसेल, एवढंच दुर्गाबाईंना बघायचं होतं. त्याने दोन्ही केलं नाही. तो खुर्चीवरून उठला, आणि उठताना त्याची नजर गोठा, मळ्याची वाट, विहीर अशी एक चक्कर मारून परत आली. चक्कर फार छोटी होती. पण दुर्गाबाई बघत होत्या.

सासरे अण्णासाहेब मरताना सगळ्यांना गोठ्यात घेऊन गेले होते. चालवत नव्हतं, तर बाज उचलून नेली होती. दोन्ही लेकांचे हात बैलाच्या शिंगांवर ठेवून ते म्हणाले होते, "माझ्या दावणीला बैल असेस्तोवर वाटणी न्हाई. जो तोंडानं वाटणी मागंल, त्यानं माझ्या नावानं पाणी सोडू नये." तेव्हा गोठ्यात बैलांची जोडी होती आणि दावण रिकामी पडेल असं कोणाला वाटलं नव्हतं. पुढे ट्रॅक्टर आला. नवा बैल घ्यायचं प्रत्येक वेळी पुढच्या सालावर गेलं, कारण घ्यावा असं काकासाहेब म्हणत आणि कशाला असं बाकीचे म्हणत. गेल्या वर्षी बाशिंग्याचा जोडीदार म्हातारपणाने गेला. तेव्हापासून मळा, विहीर, एक चूल आणि दोन भावांचं एकमेकांशी हसणं, हे सगळं एका म्हाताऱ्या बैलाच्या दाव्याला बांधलेलं होतं. भागवत येताना त्याच्यासाठी पेंडीचं पोतं आणायचा आणि जाताना त्याचं वय ताडायला दात बघून जायचा.

"दादा," भागवत म्हणाला, "गाडी हाय दारात. चल, बस."

"कुठं?"

"दवाखान्यात. जालन्याला."

"का? मला काय झालंय?"

"डॉक्टर काय बोलला ऐकलं न्हाईस का?"

"फोनवरून बैल दिसतो का त्याला?" काकासाहेब म्हणाले. "मी दवाखान्यात जाऊन काय सांगू? माझा बैल पिसाळला म्हणू? माझ्या तोंडानं? तुला तेच पाहिजे, भागवत. बैल गेला म्हण, मंग मोजणीवाल्याला आणून उभा कर."

"मी काही म्हणलो का?"

"म्हणाया कशाला पाहिजे! दात बघतोस तू त्याचे."

भागवतचा चेहरा पडला. वर्षानुवर्षं आपण गुपचूप करतो आहोत असं वाटलेली गोष्ट भर अंगणात निघाली की माणसाची उंची कमी होते. त्याने वळून कल्याणकडे पाहिलं, आणि कल्याणने मान खाली घातली. दुर्गाबाईंनी ते टिपलं. पुतण्याने चुलत्याच्या नजरेला अशी मान खाली घालावी, याचा अर्थ दोघांत आधीच बोलणं झालेलं आहे. मोसंबीची बाग लावायची म्हणून पोरगं वर्षभर बापाच्या मागे लागलं होतं. बाप ऐकत नव्हता. म्हणजे हाही दात बघत होता तर.

"तू बी?" त्या हळूच म्हणाल्या.

"माय, म्या फक्त माझ्या वाट्यात बाग..." कल्याण थांबला. "त्याला काही व्हावं असं न्हाई म्हणलो कधी. शाळेतून येऊन बाटली कोण धरायचं त्याच्या तोंडात?"

हे खरं होतं. बाशिंग्याची आई त्याला वितानाच गेली होती. दुर्गाबाईंनी त्याला म्हशीच्या दुधावर, बाटलीने, लेकरासारखं वाढवलं होतं. "आलास का रं" अशी त्यांची हाक कानावर पडली की तो कुठूनही यायचा, चिखलातून, हिरव्या गवतातून, एकदा तर दुसऱ्याच्या वरातीतून.

वेशीकडून हलगी वाजू लागली. मारुतीपुढे तोरण बांधलं होतं आणि सगळ्या गावाचे बैल खोळंबले होते, कारण तोरणाखालून पहिला बैल ह्याच घरचा जायचा. निरोप घेऊन धर्मराज आला. "काकासाहेब, जल्दी करा. मंगलाष्टकं म्हणायला बामण उभा हाय. पोरं बी थांबून राह्यली, तुमच्या बैलाला हात लावल्याबिगर जायची न्हाईत."

"आलोच," काकासाहेब म्हणाले, आणि कोणी काही बोलायच्या आत गोठ्याचं लोखंडी फाटक उघडून आत गेले.

"आवं!" दुर्गाबाई ओरडल्या.

"कोणी मधी पडायचं न्हाई. वेशीतून चालत नेतो. पाहू द्या गावाला पिसाळलाय का शहाणा हाय ते."

बैल शांत उभा होता. इतका शांत की दुर्गाबाईंच्या मनात क्षणभर आशेने तोंड वर काढलं. त्या फाटकाशी गेल्या आणि नेहमीच्या सुरात म्हणाल्या, "आलास का रं?"

बाशिंग्याचे कान वळले. मग मान वळली. त्याने त्यांच्याकडे पाहिलं, आणि दुर्गाबाईंना वाटलं, आता येईल, फाटकावर हनुवटी ठेवील. डोळे त्याचेच होते, पापण्यांचे लांब केसही त्याचेच. पण त्या डोळ्यांमागून जे बघत होतं त्याने त्यांना कधी पाहिलेलं नव्हतं. ते त्यांच्याकडे भिंतीकडे बघावं तसं बघत होतं.

"बाहेर या," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "आवं, पाया पडते तुमच्या, बाहेर या."

काकासाहेबांनी दाव्याला हात घातला.

पुढचं सगळं फार थोड्या वेळात झालं. बैल कुंथला, खुंटा जमिनीतून दातासारखा उपसून आला, आणि ज्या जागी काकासाहेब उभे होते त्या जागी गव्हाणीच्या दगडावर शिंग आदळलं. माणूस तिथे नव्हता, कारण कल्याणने उडी टाकून बापाला सदऱ्याला धरून बाहेर खेचला होता. परीटघडीचा सदरा गळ्यापासून बेंबीपर्यंत फाटला. धर्मराज आणि भागवतने मिळून फाटक ओढलं, कडी घातली, वर साखळी गुंडाळली.

मग बैल फाटकाला भिडला. एकदा, पुन्हा, पुन्हा. घुंगरमाळ सणाच्या आवाजात वाजत होती. हिंगुळाने रंगवलेलं एक शिंग मुळापाशी तुटून लोंबू लागलं, तरी तो त्याच बाजूने धडका देत राहिला, जणू ते शिंग आणि ते दुखणं दुसऱ्याच कोणाचं होतं. बाशिंगाचा लगदा होऊन एका डोळ्यावर चिकटला. आणि आवाज! जनावर असं ओरडत नाही. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला कोणीतरी उशीने दाबत असावं, तसा तो आवाज येत होता.

मीना ओट्यावर बसून ओंजळीत तोंड घालून रडत होती. धर्मराज वेशीकडे पळत सुटला. पोरांना मागे हटवायचं होतं.

काकासाहेब हातपाय धुवायच्या दगडावर बसले होते. दीपमालाने त्यांच्यापुढे बादली आणि साबण ठेवला. त्यांनी हात धुतले, आज्ञाधारक पोरासारखे. चिंधी सोडली तेव्हा अंगठ्यावरची चीर ओली, लाल, ताजी दिसली. सगळ्यांनी पाहिली.

"चल दादा," भागवत म्हणाला. त्याचा आवाज आता खताच्या दुकानदाराचा राहिला नव्हता.

"खवळलाय," काकासाहेब म्हणाले. "हलगी ऐकून खवळलाय. सांजंला उतरंल."

"आबा!"

"मी जाणार न्हाई."

"मराया लागलास तरी न्हाई?" भागवत ओरडला. "तुझ्या पाया पडू का? पडतो. वाटणी नको मला. जा, न्हाई मागत जन्मभर. मंग तर चलशील?"

"आज न्हाई म्हणशील. बैल गेल्यावर?"

भागवत खोटं बोलू शकला असता. त्याला ते येतही होतं, दुकानात रोज बोलत होता. पण थोरल्या भावाच्या अंगठ्याकडे बघत त्याला ते जमलं नाही. दुर्गाबाईंनी ते त्याच्या नावे जमा केलं. त्या बाजूला पहिल्यांदाच काही पडत होतं.

आणि मग त्यांना सगळं लख्ख दिसलं. हा माणूस सुईला भीत नव्हता. डॉक्टर खोटं बोलतो असंही त्याला वाटत नव्हतं. त्याला केव्हाच कळलं होतं, कदाचित आषाढात, त्या चिरेला हळद लावताना. पण दवाखान्यात पाय ठेवला की बैल पिसाळला हे त्याच्या तोंडून झालं. बैल पिसाळला की गेला. गेला की घर मोडलं, आणि मोडणारा मी. म्हणून तो इथे बसून राहणार होता, अंगठा मुठीत धरून, बैल मरेपर्यंत. आणि त्यानंतर त्याला स्वतःला पाणी बघून थरथर सुटेपर्यंत.

दुर्गाबाईंनी त्या घरातली चूल एक ठेवली होती. त्यासाठी काय काय गिळलं होतं, ते फक्त त्यांनाच माहीत. सासूचे बोल, मीनाचे रुसवे, नवऱ्याचा हेका, स्वतःच्या पोराची बाग. आयुष्यभराची मिळकत म्हणतात ती त्यांच्याकडे तेवढीच होती.

त्या पदर खोचून अंगणाच्या मधोमध आल्या.

"भावजी," त्या म्हणाल्या, "मोजणीवाला कधी आणता?"

"काय, वहिनी?"

"मोजणीवाला. मला वाटणी पाहिजे."

मीनाचं रडणं थांबलं.

"तोंड आवर," काकासाहेब म्हणाले. "काय बोलून राह्यलीस कळतं का तुला?"

"बराबर कळतं. बैल जित्ता हाय, दावणीला हाय, सणाचा दिवस हाय. आणि थोरली सून आपल्या तोंडानं वाटणी मागती. अण्णासाहेबांच्या नावानं पाणी सोडायचा हक्क माझा गेला. ती शपथ म्या मोडली, तुम्ही न्हाई आणि भावजींनी बी न्हाई. कल्याण, ऐकलं ना? दीपमाला, मीना, तुम्ही बी ऐकलं. उद्या कोणी इचारलं तर घर दुर्गीनं मोडलं म्हणायचं."

"दुर्गे..." काकासाहेब म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर राग होता, आणि रागाखाली असं काहीतरी जे त्यांनी बायकोकडे बघताना कधी दाखवलं नव्हतं.

"आता त्या बैलाच्या दाव्याला काही बांधलेलं न्हाई," दुर्गाबाई म्हणाल्या. "तो निस्ता बैल हाय आणि तुम्ही निस्ते माणूस हात. उठा. गाडीत बसा."

फाटकावर पुन्हा धडक बसली. मग काकासाहेब दगडाचा आधार घेत उठले. फाटका सदरा सावरत, कोणाकडेही न बघता ते गाडीकडे चालू लागले. भागवतने पुढचं दार उघडून धरलं. आयुष्यात पहिल्यांदा त्याला हवं ते मिळालं होतं, आणि किल्ली त्याच्या हातून दोनदा मातीत पडली.

"आत्याबाई, तुम्ही बी जायचं," दीपमाला सासूला म्हणाली. "काल तुम्ही त्याचं तोंड पुसलं होतं पदरानं."

"जाते. तू इथंच थांब. लेकरं-बाया कोणी गोठ्याकडं फिरकायचं न्हाई."

कल्याण फाटकापासून दूर, कडुनिंबाला टेकून उभा राहिला. त्याला राखणीला ठेवलं.

गाडीने हसनाबाद मागे टाकलं. दोन्ही अंगांना कपाशी पात्याफुलांवर आली होती. वाटेतल्या गावांत बैल सजून वेशीकडे चालले होते, आणि त्यांना वाट द्यायला भागवत गाडी थांबवायचा तेव्हा काकासाहेब दुसरीकडे बघायचे.

"खालचं रान तू घे," ते अचानक म्हणाले. "वरचं खडकाळ हाय. तुला जमायचं न्हाई."

"दादा, आत्ता नको."

"इहीर खालीच हाय. माय तिथं धुणं धुवायची. तू काठावर बसून रडायचास." मग बराच वेळ गेल्यावर, "तूच घे."

भागवतने डोळे पुसले आणि तसंच चालवत राहिला. मागच्या सीटवर दुर्गाबाई त्या दोन माना बघत होत्या. मागच्या बाजूने दोन्ही एकसारख्या दिसत होत्या, आणि हे इतक्या वर्षांत त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं.

फोन वाजला. कल्याण होता.

"माय, तो बसलाय."

"बरं."

"धडका मारायचं थांबला. मान टाकून बसलाय फाटकापाशी. माझ्याकडं बघून राह्यला. वळखतोय, माय. म्या नाव घेतलं तर कान हलवला."

दुर्गाबाईंनी डोळे मिटले. "कल्याण, तू कुठं उभा हायेस?"

"फाटकापाशी."

"मागं हो."

"सकाळपासून पाणी न्हाई त्याच्या पोटात. निस्तं पाणी ठेवतो आत. हात बी लावत न्हाई."

"मागं हो, कल्याण. निंबापाशी जा. गेलास का?"

"माय, तो रडून राह्यला..."

"दार उघडायचं न्हाई. साखळीला हात लावायचा न्हाई. फोन बी ठेवायचा न्हाई. बोलत राह्य माझ्याशी."

"काय बोलू?"

"काय बी बोल. बागंचं बोल. मोसंबी कुठं लावणार, किती अंतरानं लावणार, ते सांग. मला ऐकू येऊ दे तू बाहेर हायेस ते."

पोरगं बोलू लागलं. आधी अडखळत, मग रडत. खड्डे केवढे घ्यायचे, रोपं कुठून आणायची, पाणी कसं फिरवायचं. त्याच्या बोलण्याच्या मागून बाशिंग्याची हाक येत होती, घोगरी, लांब, एखाद्याने दारात उभं राहून आई म्हणावं तशी. गाडीत ती सगळ्यांना ऐकू येत होती. काकासाहेबांनी मागे हात केला, अंगठा वर ठेवून, जखमेला काही लागू नये असा. दुर्गाबाईंनी त्यांचं मनगट धरलं.

"मंग?" त्या फोनमध्ये म्हणाल्या. "पुढं सांग. थांबलास का?"